पूर्णा आजी परत आली, पण ज्योती चांदेकर नाहीत : मालिकेतली भूमिका नेमकी कोणाच्या मालकीची असते?

१६ ऑगस्ट २०२५. ज्येष्ठ अभिनेत्री ज्योती चांदेकर यांचं पुण्यात निधन झालं. 'मी सिंधुताई सपकाळ' या सिनेमात त्यांनी उतारवयातल्या सिंधुताई साकारल्या होत्या आणि तरुणपणीच्या सिंधुताई झाली होती त्यांचीच मुलगी तेजस्विनी पंडित. पण त्या दिवशी महाराष्ट्रातल्या बहुतेक मोबाईलवर जे स्टेटस पडले, त्यात सिनेमाचं नाव नव्हतं. 'पूर्णा आजी गेली,' एवढंच लिहिलेलं होतं. स्टार प्रवाहच्या 'ठरलं तर मग' मालिकेतली त्यांची ही भूमिका.

पुढे काय झालं तेही आपण पाहिलं. काही आठवड्यांनी पूर्णा आजी मालिकेत परत आली, या वेळी रोहिणी हट्टंगडी यांच्या रूपात. कोणी म्हणालं, 'जुनी आजीच बरी होती.' कोणी म्हणालं, 'रोहिणीताई आहेत म्हटल्यावर प्रश्नच नाही.' चार-सहा एपिसोडमध्ये डोळ्यांना सवय झाली आणि गोष्ट पुढे सरकली.

यात कोणाचंच काही चुकलं नाही. मालिका बंद पडली असती तर सेटवरच्या कितीतरी लोकांचं काम गेलं असतं. पण या घटनेतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. मालिकेतली अभिनेत्री ज्या भूमिकेमुळे घराघरात पोहोचते, ती भूमिका तिची नसते. ती तिथे कामाला असते.

मालिका संपली की अभिनेत्रींच्या मुलाखती येतात. 'या भूमिकेनं मला ओळख दिली', 'सेट म्हणजे माझं दुसरं घर होतं', 'खूप शिकायला मिळालं' ही वाक्यं तुम्ही शंभर वेळा ऐकली असतील. ती खोटी नसतात. पण त्यांच्या मागे कामाच्या तासांचा, पैशांचा, आजारपणाचा आणि वयाचा एक हिशोब असतो. तोच आज समजून घेऊ.

एका एपिसोडमागे किती काम असतं?

अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण २० ते २२ मिनिटांची मालिका उरते. आठवड्याला सहा एपिसोड धरले तर झाली साधारण १२० ते १३२ मिनिटं, म्हणजे एका सिनेमाएवढी. सिनेमाच्या शूटिंगला महिना-दोन महिने लागतात, मालिकेला तेवढंच दर आठवड्याला शूट करावं लागतं. वर्षभर, आणि मालिका चालली तर पाच-पाच वर्षं.

त्यात 'बँक' नावाचा प्रकार असतो. बँक म्हणजे पुढच्या काही दिवसांचे तयार करून ठेवलेले एपिसोड. बँक असेल तर एखादी सुट्टी मिळते, आजारी पडता येतं. बँक संपली की आज शूट झालेला सीन उद्या-परवा टीव्हीवर अशी पळापळ सुरू होते. त्यातच टीआरपी बघून गोष्ट बदलली, सणाचा महाएपिसोड ठरला किंवा पावसानं आऊटडोअर शूट रद्द झालं, की पहिला फटका बसतो तो बँकेला आणि तिथून कलाकारांच्या झोपेला.

टीव्हीच्या सेटवर शिफ्ट साधारण बारा तासांची धरली जाते. पण हे झाले सेटवरचे तास. मेकअप, केस, नऊवारी किंवा भरजरी साडी यासाठी अभिनेत्रीला नायकाच्या आधी यावं लागतं. मराठी मालिकांचे बरेचसे सेट गोरेगावची फिल्मसिटी, मढ, मीरा रोड आणि ठाण्याचा घोडबंदर रोड या पट्ट्यात आहेत. या रस्त्यांवरचं ट्रॅफिक ज्यांना माहीत आहे त्यांना बाराचे चौदा-पंधरा तास कसे होतात हे वेगळं सांगायला नको.

ती पण रोजावरच असते

आमच्या देवगाव फाट्यावर (ता. सेलू, जि. परभणी) 'रोजानं जाणं' म्हणजे काय हे शाळकरी पोरालाही कळतं. खुरपायला रोजानं, कापूस वेचायला किलोवर. ज्या दिवशी गेलात त्या दिवसाचे पैसे. घरी राहिलात तर काही नाही.

मालिकेतल्या बहुसंख्य कलाकारांचा हिशोब याच पद्धतीनं चालतो. त्याला 'पर डे' म्हणतात. दिवसाचा एक दर ठरतो आणि महिन्यात जितके दिवस शूट, तितके पैसे. मुख्य नायिकेला महिन्याला किमान ठराविक दिवस मिळण्याची हमी करारात मिळू शकते. नायकाची मावशी, शेजारीण, ऑफिसातली मैत्रीण अशा भूमिका करणाऱ्यांचं मात्र सगळं कथानकावर असतं. या महिन्यात त्यांचा ट्रॅक नसेल तर काम नाही.

आता तुम्ही म्हणाल, नटीचा रोज आणि खुरपणीचा रोज एक कसा? रकमेत तुलनाच नाही, हे मान्य. पण एका बाबतीत खुरपणारी बाई पुढे आहे. तिचा हिशोब बहुधा आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. टीव्हीच्या धंद्यात कामाचे पैसे ९० दिवसांनी देण्याची पद्धत वर्षानुवर्षं रुळलेली आहे. जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे एप्रिलमध्ये. तोवर मुंबईतलं घरभाडं, प्रवास, स्वतःला सांभाळण्याचा खर्च खिशातून. कलाकारांच्या संघटना हा काळ कमी करा म्हणून कित्येक वर्षं मागणी करत आल्या आहेत.

आणि ९० दिवसांनीही पैसे आले नाहीत तर? फेब्रुवारी २०२१ मध्ये 'हे मन बावरे' या मालिकेतल्या कलाकारांनी हाच प्रश्न सोशल मीडियावर उघडपणे मांडला. शर्मिष्ठा राऊत, मृणाल दुसानिस, शशांक केतकर, संग्राम समेळ यांच्यासारखी ओळखीची नावं जेव्हा काम करूनही पैसे थकल्याचं बोलतात, तेव्हा ज्यांना कोणी ओळखत नाही त्यांचं काय होत असेल याचा अंदाज बांधता येतो. निर्मात्यांनी तेव्हा आपण आर्थिक अडचणीत असल्याचं आणि पैसे देणार असल्याचं सांगितलं होतं.

एकच आई, सहा भाषा

भूमिका कोणाची, या प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर 'आई कुठे काय करते!' या मालिकेत आहे.

२३ डिसेंबर २०१९ ला सुरू झालेली ही मालिका ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. घरासाठी स्वतःला विसरलेली आणि नवऱ्याचं प्रकरण कळल्यावर नव्यानं उभी राहणारी अरुंधती मधुराणी प्रभुलकर यांनी साकारली. लोकांच्या लेखी मधुराणी म्हणजेच अरुंधती. पण कागदावर ही गोष्ट बंगालीतल्या 'श्रीमोयी' या मालिकेवरून आलेली होती. तीच गोष्ट हिंदीत 'अनुपमा' झाली, तमिळमध्ये 'बाकियलक्ष्मी', तेलुगूत 'इंटिंटी गृहलक्ष्मी', मल्याळममध्ये 'कुडुंबविळक्कु'. सगळ्या एकाच नेटवर्कच्या वाहिन्यांवर. बंगालीत इंद्राणी हलदार, हिंदीत रुपाली गांगुली, मराठीत मधुराणी. सहा भाषांत सहा बायका एकाच बाईचं दुःख जगत होत्या आणि त्या दुःखाचे हक्क त्यांच्यापैकी एकीकडेही नव्हते.

याच मालिकेत संजनाची भूमिका आधी दीपाली पानसरे करत होत्या. २०२० च्या लॉकडाऊननंतर शूटिंग पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यांनी मालिका सोडली आणि रुपाली भोसले आल्या. प्रेक्षकांच्या डोक्यात आज संजना म्हणजे रुपाली भोसलेच. त्यांनी ती भूमिका स्वतःची केली, हे त्यांचं श्रेय. पण सोडून जाणाऱ्या अभिनेत्रीची जागा किती पटकन भरली जाते, हेही यातून दिसतं.

मधुराणींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्यांचं घर पुण्यात आणि शूटिंग मुंबई-ठाण्याकडे. मुलीपासून लांब राहावं लागण्याबद्दल त्या मुलाखतींमधून मोकळेपणानं बोलल्या आहेत. म्हणजे पडद्यावर 'घरासाठी सगळं सोडणारी आई' दाखवायची, तर ती दाखवणाऱ्या आईला स्वतःचं घर सोडून यावं लागतं. मालिका मात्र संध्याकाळच्या साडेसातच्या स्लॉटवरून शेवटच्या वर्षात दुपारी गेली, कारण संध्याकाळी नवी मालिका आणायची होती. असे निर्णय चॅनेल घेतं. पाच वर्षं तो चेहरा असलेल्या अभिनेत्रीच्या हातात ते नसतात.

आजारी पडलं तर काय?

कोविडच्या काळात हा प्रश्न सगळ्यात टोकाला गेला. मे २०२० च्या अखेरीस राज्य सरकारनं शूटिंगला परवानगी देताना ६५ वर्षांवरच्या कलाकारांना आणि कर्मचाऱ्यांना सेटवर यायला बंदी घातली. काळजी म्हणून नियम बरोबर वाटतो. पण रोजावर जगणाऱ्या ज्येष्ठ कलाकारासाठी बंदी म्हणजे उत्पन्न शून्य. सत्तरीतल्या एका कलाकारानं कोर्टात धाव घेतली आणि ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही अट रद्द केली. इतर क्षेत्रांतल्या ज्येष्ठांना काम करता येतं तर यांनाच का नाही, असा तो प्रश्न होता.

पुढच्याच महिन्यात साताऱ्याकडे 'आई माझी काळुबाई' मालिकेच्या सेटवर कोरोना पसरला. युनिटमधले वीसहून अधिक जण पॉझिटिव्ह निघाले. त्यात होत्या आशालता वाबगावकर. 'मत्स्यगंधा' नाटकातल्या सत्यवतीच्या भूमिकेनं आणि गाण्यांनी एक पिढी गाजवलेल्या आशालताबाईंचं २२ सप्टेंबर २०२० ला साताऱ्यात निधन झालं. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या.

घरी बसा म्हणावं तर पोट आणि कामावरचं प्रेम, कामाला या म्हणावं तर धोका. यातून सुटायचा मार्ग पगारी रजा, विमा, पेन्शन यांतून जातो. तो नोकरदाराला असतो, रोजावरच्या माणसाला नसतो.

तरुण अभिनेत्रींचं वेगळं नाही. प्रिया मराठे 'पवित्र रिश्ता', 'तू तिथे मी', 'स्वराज्यरक्षक संभाजी' अशा मालिकांमधून आपल्याला ठाऊक होत्या. 'तुझेच मी गीत गात आहे' मधली मोनिकाची भूमिका त्यांनी तब्येतीच्या कारणानं सोडली आणि तिथे दुसरी अभिनेत्री आली. ३१ ऑगस्ट २०२५ ला कॅन्सरनं त्यांचं निधन झालं तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या. आजाराचा आणि शूटिंगच्या वेळांचा संबंध जोडायचं काहीच कारण नाही. मुद्दा एवढाच की तब्येत बिघडली तर मालिकेकडे थांबायची सोय नसते. अभिनेत्रीकडे दोनच पर्याय उरतात : ओढत राहा किंवा सोडा.

मग त्या मालिका करतातच का?

कारण मालिका जे देते ते सिनेमा देत नाही, खासकरून चाळिशीनंतर.

रोहिणी हट्टंगडी यांचंच बघा. 'गांधी' सिनेमातल्या कस्तुरबांसाठी त्यांना बाफ्टा मिळाला. ही भूमिका केली तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या. त्यानंतर हिंदी सिनेमानं त्यांना काय दिलं? आईच्या भूमिका. 'अग्निपथ'मध्ये तर त्या अमिताभ बच्चन यांच्या आई होत्या, अमिताभपेक्षा वयानं लहान असूनही.

मराठी टीव्हीनं मात्र त्यांना गोष्टीच्या मधोमध बसवलं. ई टीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त एपिसोड झाले आणि त्यातली आशा देशमुख ही मालिकेचा कणा होती. नंतर 'होणार सून मी ह्या घरची' मधली भागीरथी, म्हणजेच आई आजी. आणि आता पूर्णा आजी. पन्नाशी, साठी, सत्तरीतल्या बाईला दररोज संवाद, राग, निर्णय, विनोद मिळेल अशी जागा आजही मुख्यतः मालिकाच आहे.

म्हणून मुलाखतीत येणारं 'मालिकेनं मला खूप दिलं' हे वाक्य खरं असतं. आणि म्हणूनच तक्रार करणं अवघड असतं. जिथे काम आहे ती एकच वाट असेल, तर त्या वाटेवरच्या खड्ड्यांबद्दल माणूस जपूनच बोलतो.

आठ तासांचा वाद आणि नवा कायदा

२०२५ मध्ये दीपिका पदुकोण यांच्या आठ तासांच्या शिफ्टच्या मागणीवरून मोठी चर्चा झाली. आधी 'स्पिरिट' आणि मग 'कल्की'चा पुढचा भाग, दोन्ही सिनेमांतून त्या बाहेर पडल्या. कितीतरी पुरुष स्टार वर्षानुवर्षं आठच तास काम करतात, त्याची बातमी होत नाही, असं त्यांनी नंतर बोलून दाखवलं. पण दीपिकाला सिनेमा नाकारता येतो. मालिकेत सुनेची मैत्रीण झालेल्या मुलीला ते परवडत नाही. तिच्यासाठी खरा प्रश्न कायद्याचा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत 'ऑडिओ-व्हिज्युअल वर्कर' अशी व्याख्या आहे. आधीचा १९८१ चा कायदा फीचर फिल्ममधल्या कामगारांसाठी होता. नव्या व्याख्येत टीव्ही मालिका, वेब सिरीज, रिॲलिटी शो, जाहिराती असं सगळं येतं, आणि अभिनेते, गायक, नर्तक, निवेदक यांचा नावानिशी उल्लेख आहे.

कायदा काय सांगतो?

- निर्मात्यानं लेखी करार केल्याशिवाय अशा कलाकाराला कामावर घेता येणार नाही आणि तो करार सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवावा लागेल.
- करारात कामाचं स्वरूप, पैसे, कामाचे तास, सुरक्षितता, सोयीसुविधा आणि वाद झाला तर तो कसा मिटवायचा हे लिहिलेलं असलं पाहिजे.
- कामगारासाठी दिवसाचे आठ तास आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर.

ऐकायला भारी वाटतं. पण इथे एक मोठी मेख आहे. ही व्याख्या सरकार ठरवेल त्या रकमेपर्यंत कमावणाऱ्यांनाच लागू होते. त्याच्या वर कमावणारी अभिनेत्री या व्याख्येबाहेर. शिवाय प्राप्तिकराच्या हिशोबात कलाकार हा नोकरदार नसून व्यावसायिक असतो. त्याच्या पैशातून टीडीएस कापला जातो तो डॉक्टर-वकिलाच्या फीसारखा. एकीकडे सेटवर कॉल टाइम पाळायचा, सुट्टी मागायची, पॅकअप होईपर्यंत थांबायचं, म्हणजे वागणूक कामगाराची. दुसरीकडे कागदावर स्वतंत्र व्यावसायिक. प्रॉव्हिडंट फंड, बाळंतपणाची रजा, पगारी सुट्टी हे सगळं या दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत पडतं.

गंमत म्हणजे मालिकेतल्या लहान मुलांसाठी नियम जास्त स्पष्ट आहेत. बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या कमाईचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावावर बँकेत ठेवावा लागतो. हे नियम करता आले, याचा अर्थ सेटवर घड्याळ लावणं अशक्य नाही.

काहींनी खुर्चीच बदलली

या कोंडीतून काही अभिनेत्रींनी आपला मार्ग काढला आहे. श्वेता शिंदे यांनी 'लागिरं झालं जी' ची निर्मिती केली आणि सातारच्या मातीतली गोष्ट साताऱ्याकडेच शूट केली. मनवा नाईक निर्मात्या झाल्या. आणि २०२१ मध्ये थकलेल्या पैशांबद्दल बोलणाऱ्या शर्मिष्ठा राऊत पुढे 'नवरी मिळे हिटलरला' या मालिकेच्या निर्मात्या म्हणून समोर आल्या. ज्यांनी टेबलाच्या या बाजूला बसून वाट पाहिली, त्या आता पलीकडे बसून चेकवर सही करतात.

पण निर्माती होणं हे सगळ्यांसाठी उत्तर असू शकत नाही. त्याला भांडवल लागतं, चॅनेलशी ओळख लागते. सेलू स्टेशनवरून रात्रीची गाडी पकडून ऑडिशनला निघणाऱ्या मुलीकडे यातलं काहीच नसतं. तिच्याकडे रील्सवरचे फॉलोअर्स असतात आणि आईनं दिलेला डबा.

तिला एवढंच सांगता येईल : पहिल्या मालिकेचा करार समोर आला की आनंदाच्या भरात सही करण्याआधी पाच गोष्टी विचारायच्या. महिन्याला किमान किती दिवसांच्या कामाची हमी? पैसे किती दिवसांत? बारा तासांच्या पुढे थांबवलं तर काय? आजारी पडले तर किती दिवस भूमिका राखून ठेवाल? आणि मालिका सोडायची झाली तर किती आधी सांगायचं, दंड किती? पाचपैकी दोन उत्तरं जरी लेखी मिळाली, तरी ती पुष्कळ जणींच्या पुढे असेल.

आपण प्रेक्षकांनी काय करायचं? कलाकार बदलला की कमेंटमध्ये पहिला प्रश्न असतो, 'हिला का आणलं?' त्याऐवजी 'आधीची का गेली?' असं विचारलं तर चॅनेललाही कधीतरी उत्तर द्यावं लागेल. पूर्णा आजीच्या बाबतीत उत्तर मृत्यू हे होतं, तिथे कोणाचा इलाज नव्हता. बाकीच्या बऱ्याच वेळा उत्तर शिफ्टच्या वेळापत्रकात किंवा न आलेल्या चेकमध्ये सापडतं.